दुसऱ्या धारेआधी उतरलेल्या दोघी

गेल्या दिवाळीत मला बघायला आलेल्या माणसांबरोबर मी पैनगंगेत राफ्टिंगला गेले. हे मी आजवर फारसं कुणाला सांगितलेलं नाही, कारण ऐकणाऱ्याला ते थट्टा वाटतं. पण आमच्याकडे ते अगदी गंभीरपणे ठरलं होतं.

कल्पना मामांची. मामांचं ढाणकीला कृषी केंद्र आहे. बियाणं, खत, फवारणीचे पंप विकता विकता त्यांची आजूबाजूच्या प्रत्येक माणसाशी ओळख होते. गेल्या वर्षी पाऊस इतका झाला होता की दिवाळी आली तरी वरच्या धरणातून पाणी सोडणं चालूच होतं. बाहेरगावच्या कुणी तरी सुट्टीपुरते नदीकाठी तंबू टाकले होते आणि रबरी होड्या आणल्या होत्या. मामांनी ते पाहिलं आणि त्यांच्या डोक्यात लग्न आलं.

"पोह्याची प्लेट घेऊन पोरगी येते. तिची मान खाली, पोराची मान खाली. त्यात समजते काय?" ते आईला फोनवर सांगत होते. "होडीत बसवा म्हणतो मी. पाण्यात माणूस कसा आहे ते दोन मिन्टात दिसते."

आईला हे पटलं नव्हतं, पण मुलगा महागावचा, घरची जमीन, नागपूरला चांगली नोकरी, आणि पत्रिका जुळलेली. अशा स्थळासाठी तिने मला विमानातून उडी मारायलाही पाठवलं असतं.

आता मुख्य अडचण सांगते. आमच्या घरात मुलगी गप्प बसली की तिची पसंती आहे असं धरतात. "लाजली" म्हणतात आणि पुढच्या तयारीला लागतात. माझ्या सगळ्या बहिणींची लग्नं अशीच ठरली, आणि त्यांच्यापैकी काहींना खरंच लाज वाटली असेल. मी मात्र लहानपणापासूनच गप्प असते. किराणा दुकानात, शाळेत, वाढदिवसाला, डॉक्टरकडे. त्यामुळे माझा होकार मी न देताच जमा झाला होता. मामांनी मोबाईलवर मुलाचा फोटो दाखवला, मी पाहिला, फोन परत दिला. संध्याकाळपर्यंत यवतमाळच्या मावशीचा फोन आला, "पाहूनच लाजली म्हणे!"

मला ते लग्न करायचं नव्हतं. आणि मुलात काही खोट नव्हती, ही त्यातली सगळ्यात वाईट गोष्ट होती. खोट असती तर तिच्याकडे बोट दाखवता आलं असतं. नुसतं नको आहे, हे आमच्याकडे कारण धरत नाहीत. ठरलं असं होतं की सकाळी नदीत जायचं, दुपारी खालच्या घाटावर दोन्ही घरांनी एकत्र जेवायचं, आणि जेवायला बसण्याआधी मामा होकार सांगतील. म्हणजे ते जेवण पाहुण्यांचं न राहता सोयऱ्यांचं होईल. माझ्याकडे तेवढाच वेळ होता.

पुण्यात ऑफिसात मी लोकांना सहज नाही म्हणते. पण ते इंग्रजीत. दारव्ह्याला, आमच्या गावी, मला इंग्रजी शाळेत घातलं तेव्हापासून इंग्रजी ही माझी परक्या माणसांशी बोलायची भाषा आहे. त्या भाषेत माझी आई नाही, मामा नाहीत, कुणाचं मन दुखत नाही. मराठीत नाही म्हणायचं तर समोर कुणीतरी बसलेलं असतं, ज्याने मला लहानपणी खांद्यावर घेतलेलं असतं. पुण्याहून निघताना ठरवलं होतं, घरी गेल्यावर आईला सांगेन. मग ठरवलं, करंज्या झाल्यावर. मग, भाऊबीज झाल्यावर. दारव्ह्याहून ढाणकीपर्यंत गाडीत आई माझ्या शेजारीच बसली होती. तिने नवी साडी नेसली होती आणि ती पूर्ण रस्ता खिडकीबाहेर बघून स्वतःशीच हसत होती. मी तेव्हाही सांगितलं नाही.

नदीवर पोचलो तर मुलाकडची मंडळी आधीच आली होती. मुलगा, त्याचे वडील आणि आई. मुलगा उंच, चष्मेवाला, नमस्कार करताना जरा जास्त वाकणारा. त्याच्या आईला मी काकू म्हणायचं असं मला सांगून ठेवलेलं होतं. होडीत मी, मामा आणि ते तिघं बसणार होतो. आई आणि मामी डबे घेऊन गाडीने खालच्या घाटावर जाणार होत्या.

होडी चालवणारा गाईड पहाडातला होता, उत्तराखंडकडचा. तिशीचा असेल. नाक उन्हाने सोललेलं, आवाज बारीक. हिंदीत बोलायचा आणि हुकूम इंग्रजीत द्यायचा. त्याने पहिलाच खोडा काकूंना घातला.

"माताजी, साड़ी में नहीं जा सकते."

"काहून? मी साडी नेसूनच कापूस वेचतो, झाडावर चढतो."

पण तो ऐकेना. मग काकू तंबूत गेल्या आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांनी मुलाची निळी ट्रॅक पँट आणि शर्ट घातला होता. कपाळावर कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, डोक्यावर लाल हेल्मेट. मुलाच्या वडिलांना हसू आवरेना.

"हासा," काकू म्हणाल्या. "दात पडले की उचलून द्यायले मीच लागतो तुमाले."

मी खाली बघितलं, कारण मलाही हसू आलं होतं. मामांनी लगेच मुलाच्या वडिलांना कोपर मारलं. "लाजली."

गाईडने आम्हाला एका ओळीत उभं करून जॅकेटचे पट्टे आवळले. पाण्यात पडलात तर उठून उभं राहायचं नाही, पाठीवर पडायचं, पाय पुढे, नाक आणि पायाची बोटं पाण्याच्या वर. वल्ह्याची मूठ कधी सोडायची नाही, ती दुसऱ्याच्या दातावर बसते. 'फॉरवर्ड' म्हटलं की पुढे वल्हवायचं, 'स्टॉप' म्हटलं की वल्हं मांडीवर, आणि 'गेट डाउन' म्हटलं की होडीच्या पोटात बसायचं, विचार करायचा नाही. मग तो प्रत्येकाला विचारत आला, पोहता येतं का. माझ्यापाशी आला.

"दीदी, तैरना आता है?"

"येते, येते," मामा म्हणाले. "सगळं येते तिले."

मला पोहता येत नाही. मामांनाही ते माहीत होतं. पण पाहुण्यांसमोर मुलीला एखादी गोष्ट येत नाही असं म्हणायची त्यांना सवयच नव्हती. स्वयंपाक येते, शिवण येते, इंग्रजी तं फाडफाड येते, त्याच सुरात पोहणंही आलं. गाईडने मामांकडे पाहिलंच नाही. तो माझ्याकडे बघत थांबून राहिला. मी मान हलवली, नाही. त्याने माझे पट्टे सोडले, पुन्हा आवळले, खांद्यापाशी जॅकेट धरून मला जवळजवळ उचललं, आणि मग पुढे गेला.

सुरुवातीला नदी शांत होती. अलीकडच्या काठाला आपली तूर पिवळ्या फुलांवर आलेली, कापूस फुटलेला. पलीकडचा काठ नांदेड जिल्ह्यातला, तोही तसाच. मामा आणि मुलाचे वडील पुढे बसले होते आणि सोयाबीनच्या भावावर बोलत वल्हवत होते, त्यामुळे होडी सारखी एका बाजूला वळत होती. मुलगा माझ्यासमोरच्या बाजूला होता. त्याने एकदाच माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्हाला भीती वाटतेय का?" मी उत्तर जुळवेपर्यंत मामा मागे वळले, "तिले कायची भीती!" आणि तो गप्प झाला. चांगला होता तो. मी आधीच म्हटलं.

पहिली धार आधी ऐकू आली. पिठाच्या गिरणीसारखा एकसुरी आवाज. मग नदी दगडांच्या मधून एकदम खाली उतरताना दिसली आणि गाईड ओरडला, "फॉरवर्ड! फॉरवर्ड!" होडीचं तोंड खाली गेलं. पाणी माझ्या तोंडावर आपटलं, नाकात गेलं. मी वल्हं मारलं तर ते हवेतच फिरलं, कारण माझ्या बाजूला पाणीच नव्हतं, ते खाली कुठेतरी होतं. पुढच्या क्षणी ते वर आलं आणि कंबरेपर्यंत मला गिळून गेलं. माझा पाय निसटला. कुणीतरी मागून माझं जॅकेट पकडून मला आत ओढलं. काकू होत्या. आम्ही बाहेर पडलो तेव्हा मी खोकत होते, डोळ्यातून पाणी वाहत होतं, आणि मामा वल्हं उंचावून ओरडत होते, "पाहा, पाहा, मजा येऊन राह्यली तिले!"

मला खरंच वाटलं की मी बुडाले असते तरी ते हेच म्हणाले असते. रागाने नाही म्हणत. त्यांना दुसरं काही दिसतच नव्हतं.

त्यानंतर एक मोठा डोह लागला. गाईडने होडी काठाला लावली. पुढची धार याच्यापेक्षा मोठी आहे, तो म्हणाला. ज्याला नको असेल त्याने इथे उतरायचं, पायवाटेने चालत खाली यायचं, पलीकडे पुन्हा होडीत घेऊ. मग एकेकाला विचारलं. मुलाचे वडील म्हणाले, "चला." मुलगा जरा थांबून म्हणाला, "हां." काकू म्हणाल्या, "ना बा. मी उतरतो."

"काहून व?" मुलाचे वडील म्हणाले. "ट्रॅक पँट घातली तं मले वाटलं ऑलिम्पिकले चालली."

"तुमी जा. पदक आलं की घरी आणजा."

मग गाईड माझ्याकडे वळला. "दीदी?"

"तिचं हो आहे," मामा म्हणाले.

"अंकल, दीदी से पूछा."

"मंग मी तेच सांगून राह्यलो, हो आहे तिचं."

"दूसरे का जवाब नहीं चलता," तो म्हणाला. आवाज तसाच बारीक. रागावला नव्हता. त्याचा तो कामाचा नियम होता, पट्टे आवळण्यासारखा. डोहात होडी हळूहळू फिरत होती आणि सगळे माझ्याकडे बघत होते. कुणी माझी अशी वाट बघण्याची मला सवय नाही. लोक तेवढ्यात दुसरं काहीतरी बोलून माझी सुटका करतात. तो करेना.

"नाही," मी म्हणाले.

मामा हसले. "अवं, सगळे चालले—"

पण गाईडने तोवर हात पुढे केला होता. मी तो धरला आणि दगडावर पाय ठेवला. त्याने का म्हणून विचारलं नाही. समजावलं नाही, थट्टा केली नाही. माझं वल्हं घेतलं आणि होडीत आडवं ठेवलं. मी 'नाही' म्हटलं आणि ते 'नाही'च धरलं गेलं, इतकंच. जमिनीवर उतरले तेव्हा मला इतकं हलकं वाटत होतं की मी शेजारच्या पळसाच्या झाडाला धरून उभी राहिले.

पायवाट कापसाच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, जात होती. काकू पुढे, मी मागे. दोघींच्या डोक्यावर हेल्मेट. शेतात वेचणी करणाऱ्या बाया सरळ उभ्या राहून आमच्याकडे बघायला लागल्या.

"काय पाहता व?" काकू ओरडल्या. "फवारणीवाले आलो!"

बाया हसल्या. काकू चालता चालता सवयीने फुटलेलं बोंड उपसत होत्या, मग दुसऱ्याचं शेत आहे हे आठवून ते झाडाखालीच ठेवत होत्या.

"बरं केलं उतरली," त्या म्हणाल्या. "नाकातोंडात पाणी गेलतं तुह्या. मी पाह्यलं. अन् तुहा मामा म्हणे मजा."

मघाचं ते 'नाही' अजून तोंडात होतं, ओलं, ताजं. मला वाटलं, हे सुकलं की पुन्हा येणार नाही.

"काकू," मी म्हणाले, "मला हे लग्न नाही करायचं."

त्या थांबल्या. वळल्या नाहीत. मी त्यांच्या हेल्मेटच्या मागच्या बाजूकडे बघत राहिले. तिथे कुणीतरी पांढऱ्या रंगाने आकडा घातलेला होता. जगात ज्यांना हे सांगणं सगळ्यात अवघड, त्यांनाच मी सगळ्यात आधी सांगितलं होतं.

"माह्या पोरात काही दिसलं का तुले?" शेवटी त्यांनी विचारलं.

"नाही. चांगले आहेत ते."

"दुसरं कोणी आहे?"

"नाही."

"मंग?"

"मला नको आहे." याहून जास्त माझ्याकडे नव्हतंच. मी वाट बघितली, आता त्या समजावतील, किंवा रडतील, किंवा मामांना हाक मारतील.

त्या वळल्या. माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, बाजारात भाजी निवडताना बघतात तसं, घाई न करता.

"मामा तं म्हणे, फोटो पाहूनच लाजली."

"मी लाजले नव्हते. मी अशीच आहे."

"हे घ्या!" त्या म्हणाल्या, आणि तिथेच धुऱ्यावर बसल्या. मला वाटलं धक्का बसला. पण त्या ट्रॅक पँटचे पाय पिळायला लागल्या. पिळता पिळता बोलत होत्या. "माह्या वक्ती मी अशीच कोपऱ्यात बसलो होतो. घाबरून. सगळे म्हणे, लाजली. माणूस चांगला निघाला म्हणा. पण निघाला. पाहून थोडीच घेतलता."

मला हसायचं की नाही कळेना. त्यांनीच आधी हसून टाकलं, मग हसू पुसून म्हणाल्या, "वाईट तं वाटलं मले. खोटं कायले बोलू? तुह्यासाठी पातळ घेऊन ठेवलतं."

"सॉरी काकू."

"सॉरी कायचं. आत्ता सांगतलं ना. हळद लागल्यावर सांगतलं असतं तं मी कुठं गेलो असतो तोंड घेऊन?" त्या हात पुढे करून माझ्या आधाराने उठल्या. "तुह्या आईले माहीत आहे?"

"नाही."

"अव माय! आईच्या आधी मले सांगतलं?" मग काय वाटलं कोण जाणे, त्यांनी माझ्या हेल्मेटवर टिचकी मारली. "चाल. लवकर चाल. मामानं होडीतून उतरता उतरता मिठाई वाटली तं मंग काही खरं नाही."

खाली नदीचा आवाज वाढला. झाडांमधून होडी दिसली. तिघंही खाली वाकलेले, गाईड मागे उभा. होडी पांढऱ्या पाण्यात शिरली, दिसेनाशी झाली, मग उलट तोंडाने बाहेर आली. मामा ओरडत असणार, कारण त्यांचं तोंड उघडं होतं, पण पाण्यापुढे काहीच ऐकू येत नव्हतं.

आम्ही पुन्हा होडीत बसलोच नाही. काकूंनी हातानेच खूण केली, चालत येतो. घाटावर पोचलो तर आई आणि मामी चटयांवर डबे मांडत होत्या. आलू-वांग्याची भाजी, पोळ्या, ठेचा, मसालेभात. मी आईपाशी जाऊन बसले. तिने टॉवेलने माझे केस पुसायला घेतले. मी तिच्या कानाशी सांगितलं. टॉवेल थांबला. मग पुन्हा सुरू झाला, जरा जोरात.

"गाडीत मी तुह्या बाजूलेच बसून होतो ना," ती फक्त एवढंच म्हणाली.

तेवढ्यात होडीतले तिघं आले, ओले, आनंदात. मामा तर दहा वर्षांनी लहान दिसत होते. त्यांनी टॉवेल गळ्यात टाकला, मुलाच्या वडिलांना हाताला धरून चटईवर बसवलं आणि घसा खाकरला.

"तं पाव्हणे, पोरगी पाह्यली तुमी. बोलत नाही जास्त, पण—"

"मामा, नाही," मी म्हणाले.

या वेळी आवाज जरा मोठाच निघाला. मामांचं तोंड उघडंच राहिलं. "नाही म्हणजे?"

"माझा होकार नाही."

मामी भाताचा डाव हातात घेऊन थांबली. मुलाच्या वडिलांनी काकूंकडे पाहिलं. काकू गाडीने पुढे पाठवलेली साडी नेसून आल्या होत्या, पण केस ओलेच होते.

"मले मंघाशीच सांगतलं तिनं," त्या म्हणाल्या. "तोंडावर. मामावर सोडलं असतं तं त्यानं हो सांगतलं असतं. बसा आता, पोळ्या थंड होऊन राह्यल्या."

मुलाने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. मग म्हणाला, "ठीक आहे ना, मामा." त्याच्या चेहऱ्यावर नक्की काय होतं ते मला कळलं नाही, आणि ते जाणून घ्यायचा मला हक्क नव्हता. मामा काही बोलणार होते, पण आईने त्यांच्या ताटात पोळी टाकली, त्यावर दुसरी टाकली. त्यांच्या कानांचे शेंडे लाल झाले होते. नंतर कित्येक आठवडे ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि बोलले तेव्हा पुण्यातल्या पावसाबद्दल बोलले.

पण ते नंतर. त्या दुपारी सगळे मान खाली घालून जेवत होते, कमी जेवत होते, पाणी जास्त पीत होते. आणि मला भयंकर भूक लागली होती. कित्येक दिवस अन्न घशाखाली नीट उतरत नव्हतं, हे मला तेव्हाच जाणवलं. अशा वेळी मुलीने थोडं तरी खाली बघून, चिवडत जेवावं, एवढी समज मला आहे. मी प्रयत्न केला. जमलं नाही. मी तिसरी पोळी घेतली, मग भात घेतला, आणि ठेचा संपला तेव्हा तो कुणाकडे आहे ते शोधायला मान वर केली.

आई माझ्याकडे बघत होती. तिचे डोळे ओले होते. तिने स्वतःच्या ताटातला ठेचा बोटाने काढून माझ्या ताटात लावला.